तीन किलोमीटर पाणी आणि दीडशे वर्षांचे कागद

रोमहून सिसिलीला निघालेली रेल्वेगाडी इटलीच्या बुटाच्या टोकाशी, व्हिल्ला सान जोव्हान्नी या गावात येऊन थांबते आणि तिथे तिचे तुकडे होतात. इंजिन सुटते. डबे शंटिंग करून जहाजाच्या पोटातल्या रुळांवर शेजारी शेजारी ढकलले जातात. प्रवासी जिने चढून वर येतात, कॅन्टीनमध्ये अरांचिनो घेतात आणि कठड्याशी उभे राहून खातात. अरांचिनो म्हणजे भाताचा तळलेला गोळा, आत खिमा. मेस्सिनात तो पुल्लिंगी, पालेर्मोत मात्र ‘अरांचिना’, आणि यावरून सिसिलीत खरोखर वाद होतात. खाऊन होईस्तोवर मेस्सिना येते, डबे पुन्हा जोडले जातात, गाडी पुढे निघते. पाणी ओलांडायला लागतात वीसेक मिनिटे. तोडण्याजोडण्यासकट जातात दीड-दोन तास. समोरचा किनारा एवढा जवळ की रात्री तिथल्या मोटारींचे दिवे वेगवेगळे दिसतात.

ही मेस्सिनाची सामुद्रधुनी. सर्वात अरुंद जागी रुंदी तीन किलोमीटरच्या किंचित वर. एका बाजूला कालाब्रिया, दुसरीकडे सिसिली बेट आणि तिथले सुमारे ४८ लाख लोक. इथे पूल बांधायचा विचार इटली एकसंध देश झाल्यापासून चालू आहे. आराखडे झाले, स्पर्धा झाल्या, कंपनी निघाली, निविदा निघाली, करार झाला, करार मोडला, पुन्हा जिवंत केला. पूल नाही. तो का नाही याचे सोपे उत्तर ‘राजकारण आणि माफिया’ असे दिले जाते. मला ते अपुरे वाटते. कागदपत्रांचा क्रम नीट लावला तर दिसते असे की इथे प्रत्येक सरकारने आधीच्या सरकारचा एक निर्णय न तपासता उचलला, आणि असे उचललेले निर्णय एकावर एक रचत गेले.

आधी पाण्याविषयी, कारण सगळे तिथून सुरू होते. सामुद्रधुनीच्या उत्तरेला तिर्रेनियन समुद्र, दक्षिणेला आयोनियन. दोन्हींच्या भरती-ओहोटीच्या वेळा जवळजवळ उलट. एकीकडे भरती असते तेव्हा दुसरीकडे ओहोटी, त्यामुळे मधल्या चिंचोळ्या खिंडीतून पाणी सुमारे सहा-सहा तास एका दिशेने वाहते आणि मग उलटते. भोवरे होतात. ग्रीक लोकांनी या भोवऱ्यांना खारिब्दिस राक्षसीचे नाव दिले, समोरच्या खडकावर स्किल्ला या दुसऱ्या राक्षसीला बसवले. स्किल्ला गाव आजही आहे, रेल्वे तिथूनच जाते. तळही सपाट नाही. सर्वात उथळ पट्ट्यातसुद्धा सत्तर-ऐंशी मीटर खोली, आणि दोन्ही बाजूंना तळ झपाट्याने उतरतो.

मुंबईकर वाचकाला प्रश्न पडेल की तीन किलोमीटरचे एवढे काय? आपला अटल सेतू जवळपास २२ किलोमीटरचा आहे. (तोही साठच्या दशकापासून कागदावर होता, २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला.) फरक लांबीचा नाही, गाळ्याचा आहे. गाळा म्हणजे दोन खांबांमधले अंतर. मुंबईच्या खाडीत पाणी उथळ, ठरावीक अंतरावर खांब टाकत जाता येते. वांद्रे-वरळी सागरी सेतूचा सर्वात मोठा गाळा २५० मीटरचा आहे. मेस्सिनाच्या मंजूर आराखड्यात एकच गाळा आहे, ३,३०० मीटरचा. आज जगात बांधून उभा असलेला सर्वात मोठा गाळा तुर्कस्तानात चानाक्कालेला आहे, २,०२३ मीटर, २०२२ साली खुला झालेला. त्याआधीचा विक्रम जपानच्या आकाशी काइक्योचा, १,९९१ मीटर. म्हणजे इथे विक्रम थोडाथोडका नव्हे, एकदम दीडपटीहून जास्त पुढे न्यायचा आहे.

जुन्या गोष्टी भराभर सांगतो. इसवी सनापूर्वी २५० च्या सुमारास रोमन सेनापती मेतेल्लुस याने कार्थेजकडून जिंकलेले हत्ती रांजणांच्या रांगांवर बांधलेल्या तराफ्यांवरून इथून पलीकडे नेले. प्लिनीने हत्तींचा आकडा १४० की १४२ असा दिला आहे. पुढे सांगणाऱ्यांच्या तोंडी त्या तराफ्यांचा पूल झाला, आणि आजचे पूलसमर्थक ‘रोमनांनीही बांधला होता’ म्हणतात ते याच्या आधारावर. १८६६ मध्ये सार्वजनिक बांधकाममंत्री याचिनी यांनी कोत्राऊ या अभियंत्याला पुलाचा अभ्यास करायला सांगितले. पाठोपाठ बोगद्याची कल्पना आली. लाटांवरून किंवा लाटांखालून, पण सिसिली जोडली जावो, असे १८७६ साली जानार्देल्ली नावाचे मंत्री म्हणून गेले आणि ते वाक्य अजून भाषणांत येते. १९०८ च्या २८ डिसेंबरला पहाटे भूकंप झाला, मागून त्सुनामी आली. मेस्सिना आणि रेज्जो ही दोन्ही शहरे झोपेत गाडली गेली. मृतांचे अंदाज ७५ हजारांपासून लाखाच्या वर जातात. त्यानंतर कित्येक वर्षे पुलाचे नाव कोणी काढले नाही.

मेस्सिना शहरात या भूकंपाच्या मागे राहिलेल्या झोपड्यांच्या वस्त्या शंभर वर्षांनंतरही होत्या. त्या हटवण्यासाठी २०२१ मध्ये संसदेला वेगळी तरतूद करावी लागली. पुलाला विरोध करणारा मेस्सिनाकर पहिले बोट तिकडे दाखवतो.

पलीकडे जाणारी एक गोष्ट मात्र बांधली गेली होती. पन्नासच्या दशकात दोन्ही किनाऱ्यांवर दोनशे मीटरहून उंच पोलादी मनोरे उभारून त्यांच्यामध्ये उच्च दाबाच्या विजेच्या तारा ताणल्या. मनोऱ्यांमधले अंतर ३,६४६ मीटर. १९९४ मध्ये वीज समुद्राखालच्या केबलमधून जाऊ लागली, तारा उतरवल्या, मनोरे ठेवले. तोर्रे फारो गावातला मनोरा मच्छीमारांच्या घरांवर अजून उभा आहे, लाल-पांढरा. तार पार करू शकते, रस्ता का नाही, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक मुलाने लहानपणी विचारला असणार.

एकच गाळा कसा ठरला

१९६९ साली रस्ते खाते आणि रेल्वे यांनी मिळून आंतरराष्ट्रीय कल्पनास्पर्धा घेतली. १४३ प्रस्ताव आले. पहिला क्रमांक सहा जणांना विभागून दिला, ही खास सरकारी पद्धत. विजेत्यांत सेर्जो मुस्मेची यांचा तीन किलोमीटरचा एकगाळी झुलता पूल होता, समुद्रात खांब असलेले पूल होते, आणि पाण्याखाली तरंगता ठेवलेला, तळाला साखळदंडांनी बांधलेला बोगदाही होता. सगळ्यांना सगळे पर्याय शक्य वाटले. १९७१ मध्ये कायदा झाला, त्याखालची ‘स्त्रेत्तो दी मेस्सिना’ ही सरकारी कंपनी मात्र १९८१ मध्ये निघाली. दहा वर्षे फक्त कंपनी काढायला.

कंपनीच्या अभ्यासांतून हळूहळू एकगाळी पूल पुढे सरकला. कारणे पटण्यासारखी होती. वेगवान, दिशा बदलणाऱ्या प्रवाहात एवढ्या खोलीवर पाया घालणे हे स्वतःच एक अघटित काम. खांबावर जहाज आदळण्याचा धोका. भूकंपात समुद्रतळ कसा वागेल याची अनिश्चितता. दोन्ही मनोरे जमिनीवर ठेवले की हे सगळे टळते. त्याची किंमत अशी की गाळा लांबतो, आणि झुलत्या पुलात गाळा लांबला की दोरखंडाची ताकद उत्तरोत्तर स्वतःचेच वजन पेलण्यात खर्च होते. मंजूर आराखड्यात दोन-दोनच्या जोड्यांनी चार मुख्य केबल आहेत, प्रत्येकीचा व्यास सव्वा मीटर. एवढ्या गाळ्याला केबलचा झोल सुमारे तीनशे मीटर लागतो, खालून जहाजे जायला साठ-सत्तर मीटर मोकळे हवेत, म्हणून मनोरे ३९९ मीटरचे. आयफेल टॉवर ३३० मीटरचा आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लोक भूकंपाला घाबरतात, पण एवढ्या लांब झुलत्या पुलाला भूकंप हा मुख्य शत्रू नसतो. पूल आडवा झुलून परत यायला सुमारे अर्धे मिनिट घेतो, जमिनीचे धक्के त्यामानाने फार जलद असतात, दोघांची लय जुळत नाही. आकाशी पुलाचे मनोरे उभे असताना १९९५ चा कोबे भूकंप झाला. मनोरे जवळजवळ एक मीटर दूर सरकले, आराखडा तेवढा बदलून पूल पुरा केला. भीती वाऱ्याची. १९४० मध्ये अमेरिकेतला टॅकोमा पूल वादळातही नव्हे, मध्यम वाऱ्यात पिळवटून तुटला, आणि त्यानंतर पुलांचे डेक, म्हणजे वाहने ज्यावरून जातात तो आडवा भाग, पवनबोगद्यात कृत्रिम वारा सोडून तपासल्याशिवाय कोणी बांधत नाही. मेस्सिनासाठी विल्यम ब्राउन यांनी सुचवलेला उपाय सुंदर आहे. डेक एकसंध न ठेवता तीन वेगळ्या पेट्या, बाहेरच्या दोन रस्त्यांसाठी, मधली रेल्वेसाठी, आणि मध्ये वाऱ्याला जायला मोकळ्या फटी. दाबच तयार होऊ द्यायचा नाही. पेट्यांमध्ये फट ठेवण्याची ही युक्ती नंतर चीनमधल्या शीहोमेन पुलात आणि चानाक्कालेतही दिसते. न बांधलेल्या पुलाची कल्पना दुसरीकडे बांधून झाली. मला या प्रकरणातला हा भाग सर्वात आवडतो.

तरीही एक अट गळ्यात राहिली, रेल्वेची. झुलता पूल लवचिक असतो, रुळांना लवचिकपणा सोसत नाही. आकाशी पूलही आधी रेल्वेसकट ठरला होता, १९८५ मध्ये जपानने रेल्वे काढून टाकली आणि फक्त रस्ता ठेवला. मेस्सिनात ती सोय नाही, कारण पुलाचे सगळे समर्थन रेल्वेवर उभे आहे. ट्रकला फेरीचे फार दुखत नाही. दुखते ते डबे तोडणाऱ्या गाडीला. रेल्वे काढा, की एवढा खर्च कशाला या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

२०२१ मध्ये बांधकाम मंत्रालयानेच नेमलेल्या तज्ज्ञगटाने सगळे पर्याय पुन्हा मांडले आणि बोगदे बाद करून कौल दिला तो अनेक गाळ्यांच्या पुलाला, म्हणजे समुद्रात खांब असलेल्या. समुद्रात पाया घालण्याचे तंत्र मधल्या तीस वर्षांत पुढे गेले होते, आणि गाळे लहान झाले की पूल ताठ होतो, रेल्वेला सोपा जातो. या पर्यायाच्या व्यवहार्यता अभ्यासासाठी पैसेही ठरले. दोन वर्षांत तो बाजूला पडला. तांत्रिक उत्तर मिळून नव्हे. त्याच्याकडे करार नव्हता, एकगाळी पुलाकडे होता.

जुना करार

आता मुख्य गोष्ट. २००५ मध्ये बेर्लुस्कोनी सरकारच्या काळात निविदा निघाली. इंप्रेजिलो कंपनीच्या नेतृत्वाखालील ‘युरोलिंक’ या गटाने ३८८ कोटी युरोंची बोली लावून ती जिंकली. करारावर सह्या झाल्या २००६ च्या वसंतात. त्याच वर्षी प्रोदी सत्तेवर आले, पूल थांबला. २००८ मध्ये बेर्लुस्कोनी परतले, पूलही परतला. २०११ मध्ये सविस्तर आराखडा तयार झाला तेव्हा खर्च ८५० कोटींपर्यंत गेला होता. तेवढ्यात युरोचे कर्जसंकट आले, मोंती सरकारने काम आवरले, करार संपुष्टात आला, २०१३ मध्ये कंपनी अवसायनात गेली. कंत्राटदार भरपाईसाठी कोर्टात गेला. दहा वर्षे कंपनी ‘अवसायनात’ या अवस्थेतच नांदली, मेलीही नाही.

२०२२ च्या शेवटी मेलोनी सरकार आले आणि बांधकाम खाते मात्तेओ साल्विनी यांच्याकडे गेले. हे लेगा पक्षाचे नेते, ज्याचा जन्म उत्तर इटली वेगळी करण्याच्या मागणीतून झाला, आणि पूल टिकेल का अशी शंका काही वर्षांपूर्वी यांनीच जाहीरपणे काढली होती. मंत्री झाल्यावर पूल हेच त्यांचे कार्य झाले. मार्च २०२३ च्या अध्यादेशाने, आणि मेमध्ये त्याचा कायदा करून, सरकारने कंपनी उठवली आणि नवी निविदा न काढता जुना करारच जागा केला. कंत्राटदार तोच गट, आराखडा तोच, फक्त ‘अद्ययावत’ करायचा.

हिशेब वरवर शहाणपणाचा होता. नवी निविदा म्हणजे चार-पाच वर्षे. जुना दावाही मिटत होता. एका सरकारच्या कारकिर्दीत फावडे मारायचे तर दुसरा रस्ता नव्हता. पण २००५ च्या निविदेत पैशाचा मोठा हिस्सा खासगी बाजारातून यायचा होता, आता सगळा सरकारी तिजोरीतून. २०२५ चा एकूण खर्च १,३५० कोटी युरो. २००५ चे ३८८ कोटी आणि हे १,३५० कोटी एकाच मापाचे नाहीत, दुसऱ्यात जोडरस्ते, जोडरूळ, भूसंपादन सगळे धरले आहे, आणि कंपनीच्या मते वाढ मुख्यतः साहित्याच्या महागाईची आहे. तरी युरोपीय संघाचा नियम स्पष्ट आहे. चालू करार नव्या निविदेशिवाय बदलायचा तर वाढ मूळ किमतीच्या निम्म्यापर्यंतच. निम्मा कशाचा धरायचा, २००५ चा की २०११ चा, इथे सगळा खेळ.

‘या उन्हाळ्यात काम सुरू’ ही घोषणा २०२४ च्या उन्हाळ्यासाठी झाली, मग वर्षअखेरीसाठी, मग पुढच्या वर्षासाठी. २०२४ च्या एप्रिलमध्ये पर्यावरण समितीने २३९ मुद्द्यांवर जादा माहिती मागितली. नोव्हेंबरमध्ये ६२ अटींसह होकार दिला. संरक्षित अधिवासांना धक्का बसणारच, तेव्हा ‘लोकहितासाठी अटळ’ असा ठराव २०२५ च्या एप्रिलमध्ये करावा लागला. त्यात लष्करी गरजही घातली, आणि पुलाचा खर्च नाटोच्या संरक्षण खर्चात धरता येईल का, अशीही चर्चा झाली. ६ ऑगस्ट २०२५ ला मंत्र्यांच्या समितीने अंतिम मंजुरी दिली.

इटलीत असा निर्णय लागू होण्याआधी त्यावर ‘कोर्ते देई कोन्ती’ म्हणजे लेखा न्यायालयाची मोहोर लागते. आपल्याकडे कॅग खर्च झाल्यावर ताशेरे मारतो. हे आधीच अडवतात. २९ ऑक्टोबर २०२५ ला त्यांनी मोहोर नाकारली. महिन्याभराने कारणे दिली. अधिवास-संरक्षणाच्या नियमाचे उल्लंघन, करारबदलाच्या मर्यादेचे उल्लंघन, आणि टोलच्या बाबतीत वाहतूक नियामकाचे मत न घेणे. वारा नाही, भूकंप नाही, केबल नाही. ज्या कराराने वेळ वाचायचा होता त्यातच पाय अडकला. सरकारने याला न्यायसंस्थेची आगळीक म्हटले. माझ्या मते तिसरे कारण किरकोळ आहे, पहिल्यावर वाद होऊ शकतो, दुसरे मात्र २०२३ च्या मार्चमध्येच टेबलावर होते आणि कोणीही कारकून ते दाखवू शकला असता.

किनाऱ्यावरचे

तोर्रे फारो आणि गांझिर्री ही गावे मेस्सिनाच्या टोकाशी आहेत. गांझिर्रीच्या खारट तळ्यात शिंपल्यांची पैदास होते. समोर समुद्रात उन्हाळ्यात तलवारमाशासाठी खास नौका फिरतात. उंच लोखंडी डोलकाठीवर टेहळ्या आणि सुकाणू दोन्ही, पुढे लांबच लांब शिडी, तिच्या टोकाला भालेकरी. वसंतात आफ्रिकेतून येणारे मधुबाज हजारोंनी इथूनच युरोपात शिरतात. पूर्वी कालाब्रियात प्रत्येक वर्षी एकतरी मधुबाज टिपला नाही तर बायको बदफैली निघते अशी समजूत होती. आता शिकार बंद आहे, मोजणी करणारे स्वयंसेवक येतात.

मनोरा आणि केबलच्या नांगरठोकळ्यासाठी इथली शेकडो घरे, दुकाने, बागा यादीत आहेत. यादी प्रत्येक पुनर्जन्मात नव्याने निघते. मोर्च्यांमध्ये ‘लो स्त्रेत्तो नोन सी तोक्का’, सामुद्रधुनीला हात लावायचा नाही, ही घोषणा. आणखी एक शाब्दिक कोटी चालते. पूल दोन ‘कोस्ते’ जोडणार नाही, दोन ‘कोस्के’ जोडेल. कोस्ते म्हणजे किनारे, कोस्के म्हणजे माफियाच्या टोळ्या.

समर्थकांचेही ऐकायला हवे, ते सगळे ठेकेदार नाहीत. त्यांचे म्हणणे, सिसिलीत रेल्वे दरिद्री आहे ती पूल नाही म्हणून. बेटावरचे बरेच मार्ग अजून एकेरी आहेत. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवरच्या पालेर्मो-कातानियाला गाडी तीन तास घेते. समुद्रापाशी तुटणाऱ्या मार्गावर वेगवान रेल्वेत पैसा कोण घालेल? विरोधक हेच वाक्य उलटे करतात. पुलावरून उतरून जायचे कुठे, आधी ते रूळ दुहेरी करा, आधी आग्रिजेंतोच्या नळाला पाणी द्या. तिथे २०२४ च्या दुष्काळात पाण्याचे रेशनिंग होते. दोघेही एकाच दारिद्र्याकडे बोट दाखवतात.

पुलाचा एक तुकडा मात्र खरोखर बांधला गेला आहे. कालाब्रियाच्या किनाऱ्यावर कान्नितेल्लो गावात मनोऱ्याच्या जागेवरून जुनी रेल्वे जात होती. ती मनोऱ्यासाठी थोडी आत सरकवायची होती. २००९ च्या डिसेंबरमध्ये काम निघाले आणि मधल्या काळात करार मोडला तरी ते पुरे झाले. समुद्राकाठी काँक्रीटचा एक लांबलचक ठोकळा उभा आहे, आत रूळ. उत्तरेकडून आलेली प्रत्येक सिसिलीची गाडी न उभारलेल्या मनोऱ्याला वाट देत या ठोकळ्यातून जाते आणि पुढच्याच थांब्यावर, व्हिल्ला सान जोव्हान्नीला, डबे सोडवायला थांबते.